चौफेर संगीत आणि आईची खुर्ची

आपल्या दिवाणखान्याचा मध्यबिंदू नेमका कुठे येतो, हे बहुतेक सुखी माणसांना ठाऊक नसते. नगररचना खात्यात मी उभी नोकरी दुसऱ्यांच्या इमारतींमधली अंतरे तपासण्यात घालवली आहे. कुणाची गच्ची कुणाच्या खिडकीपासून किती लांब असावी याबाबत माझा शब्द अंतिम समजला जातो. निदान वरिष्ठांनी तो फिरवेपर्यंत तरी. परंतु स्वतःच्या घरात मी कधी टेप लावून पाहिली नव्हती. ती वेळ एका अल्बमने आणली. तेव्हा असे निष्पन्न झाले, की आमच्या दिवाणखान्याच्या बरोबर मध्यबिंदूवर इस्त्रीचे टेबल उभे असते, आणि ते तिथून हलवणे हा माझ्या पत्नीच्या मते संसारात केलेला हस्तक्षेप आहे.

अल्बम जुना होता. बँडचे नाव देत नाही, कारण दिले तर जाणकार माझे अज्ञान दाखवायला पत्रे लिहितील आणि इतरांना काहीच फरक पडणार नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून जो प्रकार आहे, त्यातला तो जणू प्रमाणग्रंथ. एक म्हातारा पाणचक्कीवाला नदीवर रुसतो, एवढीच त्याची गोष्ट. पण तो रुसायला तबकडीची एक अख्खी बाजू घेतो आणि नदी त्याची समजूत काढायला दुसरी. मधे बासरी, मग ऑर्गन, पुन्हा बासरी, आणि ड्रमवाल्याला थांबवण्याचे धैर्य कुणालाच न झाल्यामुळे लांबलेला एक भाग. या अल्बमची आता नवी आवृत्ती निघाली होती. मूळ टेपा बाहेर काढून, एकेक वाद्य सोडवून, कुण्या कुशल तंत्रज्ञाने ती ऐकणाऱ्याच्या भोवती नव्याने मांडली होती. समोर तीन स्पीकर, पाठीमागे दोन, आणि धमधमाटासाठी एक वेगळी पेटी. ऐकणाऱ्याने मधोमध बसायचे आणि बँडने त्याला घेराव घालायचा, अशी कल्पना.

मला स्वतःला घेराव नको होता. कार्यालयात तो अधूनमधून होतच असतो. मला तो हवा होता दादासाठी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे संगीत आमच्या घरात त्याने आणले. मी त्याच्या मागोमाग ऐकत गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला तो एकटा राहतो. विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो, म्हणजे लोकांच्या दुःखात खोट कुठे आहे ते शोधतो, आणि फावल्या वेळात हेच काम अल्बमांच्या बाबतीत करतो. फोनवर अशा शौकिनांचा एक श्रोतृसमूह आहे. तिथे दादाची परीक्षणे प्रसिद्ध होतात आणि तीन परिच्छेदांच्या आत त्याने कधी कुणाला उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही.

दीड वर्षापूर्वी तो आमच्याकडे जेवायला आला होता आणि येताना ह्याच पाणचक्कीवाल्याची तबकडी घेऊन आला होता. पहिल्या बाजूच्या मध्यावर, बासरी आणि ऑर्गन एकमेकांना शोधत असताना, आई भाबडेपणाने म्हणाली, "वाद्यं जुळवून झाली की मला हाक मारा रे."

आम्ही हसलो. दादा हसला नाही. त्याने तबकडी पाकिटात घातली, पाकीट पिशवीत घातले आणि तो गेला. पुन्हा आला नाही. आईला दर रविवारी फोन करायचा. गुडघे, रक्तदाब आणि हवा हे तीन विषय झाले की फोन बंद. आई त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. फक्त दाराची बेल वाजली की खिडकीपाशी मांडलेल्या आपल्या खुर्चीतून ती मान वळवून पाही, आणि आत येणारा माणूस भलताच निघाला की पुन्हा खिडकीकडे वळे. ते वळणे मला पाहवत नसे.

दादा माफीने येणारा नव्हता. माफी स्वीकारायची म्हणजे आपण दुखावलो होतो हे कबूल करायचे, आणि त्याच्या मते प्रश्न तत्त्वाचा होता. आईच्या गुडघ्यांनाही तो बधला नव्हता. पण नवी आवृत्ती? मी फोन लावला.

"सराउंड?" दादा म्हणाला. "वाद्यं म्हणजे काय कोंबड्या आहेत का, चार कोपऱ्यांत सोडायला?"

"ऐकून तर बघ."

"ऐकायचंय काय त्यात? बँड समोर असतो. माणसाला कान दोन. उरलेले स्पीकर कुणाला ऐकवणार, मांजराला?"

"बरं, मग राहू दे."

दादाने फोन ठेवला नाही. "तुझ्याकडे आलीय ती?"

"आलीय. यंत्रणाही बसवतोय."

"तू बसवतोयस?" ह्या दोन शब्दांत माझ्या संपूर्ण बालपणाचा सारांश होता. "मग यावंच लागेल. न ऐकता नावं ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. महिनाअखेरच्या रविवारी येतो. ऐकायला येतोय, हे लक्षात ठेव. जेवायला थांबणार नाही."

आईला सांगितले. ती नुसते "बरं" म्हणाली, आणि त्या दिवशी तिने गुडघ्याच्या गोळ्या कुणी आठवण न करता घेतल्या.

मी खोलीचा प्रमाणबद्ध आराखडा काढला, उत्तर दिशेच्या बाणासकट.

"बाण कशाला?" पत्नीने विचारले. ती एका मोठ्या रुग्णालयाचे भांडार सांभाळते, त्यामुळे कोणतीही वस्तू कशाला, हा प्रश्न तिला आधी पडतो. "हरवणार आहोत का आपण खोलीत?"

आराखड्यानुसार टीव्हीची भिंत ही पुढची बाजू. तीन स्पीकर तिथे. भिंतीला टेकून सुखात नांदणारा सोफा उचलून मध्यबिंदूवर, टीव्हीकडे तोंड करून. मागचे दोन स्पीकर खिडकीच्या दोन्ही अंगांना. आणि त्या दोघांच्या बरोबर मधे, सोफ्याच्या पाठीशी, आईची खुर्ची. आमच्या खात्याच्या भाषेत हे अतिक्रमण होते. परंतु आराखड्याहून जुने अतिक्रमण सहसा हलवता येत नाही, हे मीच आजवर लोकांना ऐकवत आलो आहे.

"आई, तुझ्या दोन्ही बाजूंना स्पीकर येतील," मी चाचरत म्हणालो.

"येऊ देत," आई म्हणाली. "कुणीतरी बोलेल तरी माझ्याशी."

ज्या दुकानातून यंत्रणा घेतली, तो दुकानदार स्वतः पाहणीला आला. हात पाठीमागे बांधून त्याने खोलीत दोन फेऱ्या मारल्या, छताकडे पाहून उसासा टाकला आणि विचारले, "खोली थोडी मोठी करता येईल का?" मी म्हणालो, नगररचनेच्या नियमांनुसार नाही. तो म्हणाला, "मग पडदे जाड करा." पडदे जाड केले. नंतर समोरचे दंतवैद्य डोकावले आणि म्हणाले की पडद्यांनी काही होत नाही, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवायला हवेत. त्यांच्या मेहुण्याने तसे केले आहे. मेहुण्याला त्यामुळे काय ऐकू येऊ लागले, ते त्यांना माहीत नव्हते. पण बातमी जिन्यातून खाली गेली आणि सद्भावना म्हणून इमारतीतले लोक आमच्या दारात ट्रे ठेवून जाऊ लागले. माझी समजूत आहे, की त्या पंधरवड्यात काही कुटुंबांनी केवळ आमच्यासाठी अंडी खाल्ली. एका भिंतीला ट्रे लावून झाल्यावर कॉलेजातून आलेली माझी मुलगी दारातच थबकली. "बाबा, आपण आत राहणार आहोत ना अजून? की फक्त कोंबड्या?" काका आणि पुतणी दोघांनाही कोंबड्याच का सुचाव्यात, हा आनुवंशिकतेचा विषय आहे. ट्रे उतरवले. त्यांच्याबरोबर भिंतीचा थोडा रंगही उतरला.

रंग पुन्हा द्यायचाच आहे तर तारा दिसता कामा नयेत, अशी पत्नीची अट पडली. म्हणून मी सगळ्या तारा भिंतीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीत बंद केल्या, पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि वरून रंगाचे दोन हात दिले. काम इतके पक्के झाले की ती भिंत पाडल्याखेरीज कुठल्या स्पीकरची तार कुठे जाते यात बदल करणे आता कुणालाही शक्य नव्हते. मला त्याचा अभिमान वाटला.

चाचणीसाठी धमधमाटाची पेटी पहिल्यांदा वाजवली, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक वर आले.

"तुमचं काही वाजलं का आत्ता?"

"त्रास झाला का?"

"मला नाही. टाकीतले मासे एका कोपऱ्यात गोळा झाले."

"घाबरून?"

"ते कसं कळणार? पण ओळीनं उभे राहिले. घंटा झाल्यावर मुलं उभी राहायची ना, तसे."

"मग चांगलंच आहे की," मुलगी म्हणाली.

"चांगलंच आहे, बाळ," मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले. "पण घंटा कधी होणार हे शाळेला आधी कळायला हवं."

ह्या रास्त मागणीतून प्रकरण इमारतीच्या समितीकडे गेले. सचिवांनी मला बसवून घेतले. त्यांच्याकडे परवानगीचे प्रकार ठरलेले होते: गळती, पाळीव प्राणी, बांधकाम आणि समारंभ.

"मला फक्त एक अल्बम ऐकायचाय," मी म्हणालो.

"गळती नाही," सचिव विचार करीत म्हणाले. "बांधकाम? खिळे ठोकलेत ना?"

"ते झालं. आता फक्त गाणं."

"किती गाणी?"

"दोन."

"दोनच? मग कशाला आलात?"

मी लांबी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवले. "एवढं एकच गाणं? त्याला गाणं नाही म्हणता येणार. समारंभात टाकू. पाहुणे किती?"

"माझा भाऊ."

"भाऊ पाहुणा होत नाही. समारंभाला निदान एक बाहेरचा माणूस लागतो." शेवटी मुख्याध्यापकांना पाहुणे म्हणून दाखवले गेले. ते मात्र खालीच थांबणार होते, माशांपाशी. स्वतःच्या सख्ख्या भावाला घरी बोलावण्यासाठी मी शासकीय सेवेतला माणूस खोटे बोललो, ही गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही.

रविवार उजाडला. दादाला आणायला मी बसथांब्यावर गेलो. तो उतरला तोच म्हणाला, "स्पीकर कानाच्या उंचीवर आहेत ना?" मी म्हणालो, आहेत. "खोलीत घुमतं का?" मी म्हणालो, फारसे नाही. घरापर्यंत मी अशी उत्तरे देत चाललो होतो, आणि माझे सगळे लक्ष आता तो आईशी काय बोलेल इकडे लागले होते. त्यामुळे घरात पाऊल ठेवल्यावर मला जे दिसायला हवे होते ते दिसले नाही.

आईने मान वळवली. या वेळी आत आलेला माणूस बरोबर होता.

"बारीक झालास," ती म्हणाली.

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत."

एवढे झाल्यावर दादा सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "लाव."

मी टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये डिस्क सरकवली आणि वळून पाहिले. माझ्यासमोर दादाची पाठ होती.

आराखड्यानुसार मला त्याचा चेहरा दिसायला हवा होता. मी पुन्हा पाहिले. सोफा होता मध्यबिंदूवरच, पण उलटा. तोंड खिडकीकडे, म्हणजे आईकडे. मी पत्नीकडे पाहिले. तिने अगदी हळू, ओठांनीच सांगितले, "आईंनी." आणि तेवढ्यात पाणचक्कीवाला दादाच्या पाठीमागून रुसू लागला.

नंतर कळले ते असे. मी बसथांब्याकडे निघाल्यावर आईने सोफ्याकडे बोट दाखवून विचारले होते, "तो इथे बसणार? म्हणजे इतक्या दिवसांनी आला की मी त्याचं टक्कल बघत बसायचं?" पत्नी आणि मुलीने मिळून सोफा फिरवला. स्पीकर आणि तारा अर्थातच होत्या तिथेच राहिल्या, रंगाच्या दोन हातांखाली.

आता गायक मागून गात होता. गिटार मागून. पुढचे मानाचे स्थान मिळाले होते ते ज्या गोष्टी तंत्रज्ञाने हळूच पाठीशी लपवल्या होत्या त्यांना: बासरीचे पडसाद, पाण्याची खळखळ, दूर कुठेतरी फिरणारे लाकडी चाक. ते सारे आईच्या खुर्चीच्या दोन्ही अंगांनी दादाच्या अंगावर येत होते. आई हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत बसली होती. बोलत नव्हती. खालून माशांबद्दलही काही कळले नाही.

मी उठून बंद करू शकलो असतो. पण काय सांगणार? बाजू संपली. मग दादा म्हणाला, "गायकाला मागे टाकलंय."

मी प्लेअर बंद करायला वाकलो.

"केवढं धाडस आहे बघ," दादा म्हणाला. "कुणीही असता तर त्यानं गायक समोर बसवला असता. पण हा म्हातारा नदीकडे तोंड करून रुसलाय ना? मग नदी समोर पाहिजे. आवाज त्याच्या पाठीशी. आयुष्यभर ऐकतोय मी हे, आणि ते पाण्यातलं चाक मला आज पहिल्यांदा ऐकू आलं." आणि मग, माझ्याकडे न वळता, "मांडणी चांगली केलीस रे."

वाचकहो, थोरल्या भावाने आयुष्यात प्रथम केलेली स्तुती ही चुकीच्या गोष्टीबद्दल असेल, तर ती नाकारायची कशी याचे शिक्षण कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. मी "हं" म्हणालो. दादा जेवायला थांबला. जाताना आईला म्हणाला, "पुढच्या रविवारी दुसरी बाजू ऐकू."

तो गेल्यावर स्वयंपाकघरात बैठक बसली.

"सांगून टाक," पत्नी म्हणाली. "उद्या दुसऱ्याकडून कळलं तर?"

"सांगितलं तर परत येईल?"

तिने भांडी आवरायला घेतली. बाहेर आई मुलीला विचारत होती, रविवारला किती दिवस राहिले. बैठक ठरावाविना संपली, आणि सोफा उलटाच राहिला. मोडता न येणारे बांधकाम आमच्या खात्यात नियमित करून घेतात. मीही तेच केले.

मला वाटले होते, एवढ्यावर भागेल. पण दादाने परीक्षण लिहिले. "पाठीमागचा आवाज: एका अभिजात अल्बमचा पुनर्जन्म" असे त्याचे शीर्षक होते आणि त्यात तंत्रज्ञाच्या तत्त्वज्ञानाबद्दल इतके काही होते, की ते वाचून तंत्रज्ञाने नोकरी सोडून प्रवचने सुरू केली असती. सुरुवातीला समूहातल्या कित्येकांनी आपल्यालाही असेच जाणवल्याचे कळवले. मग एकाने लिहिले, आमच्याकडे तर गायक समोरच आहे. दादाने पाच परिच्छेदांत उत्तर दिले, की सर्वच कानांना दिशा कळते असे नाही. तिथून वातावरण बिघडले. समूहात डेसिबल ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला एक गृहस्थ होता. असे म्हणत, की टिकटिक नको म्हणून तो ऐकण्यापूर्वी हातातले घड्याळ काढून शेजारच्या खोलीत ठेवतो. त्याने जाहीर केले की तो स्वतः येऊन ऐकेल.

दादाचा मला फोन आला. "रविवारी त्याला घेऊन येतोय. काही हलवू नकोस. जसं होतं तसं ठेव."

त्या आठवड्यात मी कार्यालयात एका इमारतीला दोन जिने जास्त मंजूर केले. सोफा सरळ केला तर दादा तोंडघशी पडणार होता. उलटा ठेवला तर डेसिबलसमोर पडणार होता. दोन्ही वाटांच्या शेवटी मला एकच चित्र दिसत होते: बेल वाजते आहे, आई वळते आहे, आणि दारात दादा सोडून कुणीही आहे.

दोघे आले. डेसिबलने आमच्या बेडरूममध्ये घड्याळ ठेवले, दादाशेजारी सोफ्यावर बसला, डोळे मिटले. पाणचक्कीवाला रुसू लागला. डेसिबलने डोळे उघडले. तो उठला, टीव्हीच्या भिंतीपाशी गेला, मधल्या स्पीकरला कान लावला, मग सोफ्याकडे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरत गेले. इतका निर्मळ आनंद मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर फार क्वचित पाहिला आहे.

"सोफा उलटा आहे," तो म्हणाला.

दादाने माझ्याकडे वळून पाहिले. "मांडणी तू केलीस ना?"

"आराखड्यात..." मी सुरुवात केली.

"तत्त्वज्ञान," डेसिबल मोबाइल काढत म्हणाला. "नदीकडे तोंड. समूहाला हे कळायलाच हवं. माणूस उलटा बसला आणि..."

"हसू नका त्याला," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण डेसिबल थांबला.

"सोफा मी फिरवायला लावला. ह्या धाकट्याला काही माहीत नव्हतं, आणि थोरल्यालाही नव्हतं. दीड वर्षांनी मुलगा घरी येणार, तर त्याचं तोंड दिसावं म्हणून फिरवला. तुमचं गाणं बिघडेल हे मला कुठं कळतंय."

ऑर्गन वाजत होता. दादा आईकडे पाहत होता. "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"मागच्या खेपेला बोलले," आई म्हणाली, "तर उठून गेलास. म्हणून म्हटलं, या वेळी गप्प बसू."

फक्त ड्रमवाला बोलत होता, आणि त्याला थांबवणे मूळ बँडलाही जमलेले नव्हते.

दादा उठला. पत्नीने माझ्या दंडाला धरले. दादाच्या चपला दाराशी होत्या. तो त्या दिशेने एक पाऊल गेला, वाकला, आणि त्याने सोफ्याचा हात धरला.

"धर रे ती बाजू," तो मला म्हणाला.

आम्ही दोघांनी सोफा फिरवला, टीव्हीकडे. दादा बसला. "सुरुवातीपासून लाव," म्हणाला. डेसिबल त्याच्या शेजारी बसला. पाणचक्कीवाला आता समोरून रुसला, जसा तो जगभर रुसत होता. सगळे आपापल्या जागी होते: गायक पुढे, चाक मागे, आणि आई त्याहून मागे, दादाच्या टकलाकडे पाहत. त्याने थोडा वेळ ऐकले. मग मान वळवून मागे पाहिले. पुन्हा समोर. बासरी आली तेव्हा पुन्हा मागे.

"हलू नका हो," डेसिबल कुजबुजला. "मध्यबिंदू सुटतो."

"सुटू दे," दादा म्हणाला. आणखी एकदा वळल्यावर तो उठलाच. "धर रे." सोफा पुन्हा उलटा झाला, डेसिबल त्याच्यावर बसलेला असतानाच. "बरोबर मघाचं होतं," दादा त्याला म्हणाला. "मी ऐकणार असं. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

पण डेसिबलच्या आधी त्यानेच लिहिले. समूहाच्या इतिहासातले त्याचे ते सर्वांत छोटे लिखाण होते: "दुरुस्ती. परीक्षणाच्या वेळी सोफा उलटा होता. तंत्रज्ञाचा यात काही हात नाही. समोर आई बसली होती. मत कायम आहे."

दोन दिवस त्याची यथेच्छ टिंगल झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गंमत म्हणून आपला सोफा फिरवून पाहिला आणि कळवले की चाक खरोखरच छान ऐकू येते. मग दुसऱ्याने फिरवला. मग त्याला नाव पडले, "उलटी बैठक", आणि कोणत्या अल्बमला ती मानवते यावर वाद सुरू झाले. आमचा दुकानदार तर म्हणे आता गिऱ्हाइकांना विचारतो, सरळ हवी की उलटी, आणि उलटीसाठी पडदे अधिक जाड लागतात असे सांगतो. डेसिबल त्या पक्षाला जाऊन मिळाला आहे.

दादा रविवारी येतो. पहिली बाजू अर्धी होईतो आईला खुर्चीतच झोप लागते, आणि तो आवाज थोडा कमी करून तसाच समोर बसून राहतो.

परवा समूहात दूरच्या एका सभासदाने तक्रार केली. त्याने सांगितल्याप्रमाणे सोफा फिरवला, सगळी अंतरे मोजून घेतली, तीनदा ऐकले, पण त्याला विशेष काही जाणवले नाही; समोर फक्त फ्रिज येतो. काय चुकत असेल? त्यावर खोलीच्या आकाराबद्दल, फ्रिजच्या गुणगुणण्याबद्दल, तारांच्या जाडीबद्दल पुष्कळांनी सल्ले दिले. दादाने सगळ्यांच्या शेवटी एका ओळीत उत्तर दिले.

"आई असेल तर तिला बोलावून घ्या."